किल्ल्यावरील धूर

आश्विन सरत आला म्हणजे आमच्या साताऱ्याच्या घरीं मागील अंगण मुलांच्या ताब्यांत जातें. दगडविटांचा ढीग, त्यावर भिजविलेलें गोणपाट, वर चाळलेल्या मातीचा लेप आणि उतारावर पेरलेले अळीव. मान वर केली कीं अजिंक्यतारा दिसतो. तेव्हां किल्ला कोणता करावा हा प्रश्न येथें उद्भवतच नाहीं.

यंदां नातवंडांनीं १७०० सालचा वेढा मांडण्याचें ठरविलें. त्या वर्षीं एप्रिलांत औरंगजेबाच्या सैन्यानें मंगळाईच्या बुरुजाखालीं सुरुंग उडविले. एका स्फोटांत गाडले गेलेले किल्लेदार प्रयागजी प्रभु जिवंत निघाले. दुसऱ्यानें तट बाहेरच्या अंगास कोसळून मोंगलांचेच शेंकडों लोक ठार झाले. असा प्रसंग म्हटल्यावर आग व धूर हवाच. "आजोबा, बुरुजांत फटाका पुरूं का?" असें धाकट्यानें विचारतांच आमच्या छातींत धस्स झालें.

कांहीं वर्षांपूर्वीं ही परवानगी आम्हींच दिली होती. फटाका उडाला, भोवतीं पसरलेल्या कापसानें पेट घेतला आणि तो विझवावयास धांवलेल्या आमच्या थोरल्या नातीचा तळहात भाजला. ती तेव्हां सात वर्षांची होती. व्रण आतां फिका झाला आहे. ती तें विसरली, आम्ही विसरलों नाहीं.

त्याच रात्रीं ध्यानांत आलेली दुसरी गोष्ट मात्र आम्हीं कोणापाशीं बोललों नाहीं. ती खरी आग मुळीं खरी दिसलीच नव्हती! किल्ला दोन हातांचा केला म्हणून ज्वाला लहान होत नाहीं. वीतभर जीभ बुरुजाच्याही वर जाते. धूर तर क्षणांत विरतो, आणि खऱ्या स्फोटाचा लोट संथपणें फुगत राहतो. चित्रपटवाले प्रतिकृतीची आग अधिक वेगानें टिपून संथ गतीनें दाखवितात, तें याच कारणानें. अंगणांत तो उपाय नाहीं.

सांगलीस आमच्या बहिणीच्या घरीं किल्ल्यापेक्षां नाटकाचा अभिमान अधिक. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं तेथेंच 'सीतास्वयंवर' केलें. त्या परंपरेच्या नाटकांत राक्षस आला कीं पलित्यावर राळेची पूड उडवीत व मोठा भडका होई. पुरुषभर राक्षसास तो शोभे. बोटभर मावळ्यास नव्हे. आमच्या भाच्यानें म्हणूनच खोट्या आगीची कास धरली, आणि त्याची रीत आम्हीं यंदां उचलली.

पिंजलेला कापूस बारीक तारेवर चढवावा. तळाशीं घट्ट, वर सैल. जळत्या घराच्या धुरास बुडाशीं कोळशाची वस्त्रगाळ पूड लावावी, माथा फिकट ठेवावा. सुरुंगाच्या लोटांत मातीच अधिक, तेव्हां त्यास गेरू व माती चोळावी. आंत सेलवर चालणारे एलईडीचे दोनतीन पिवळे व एक तांबडा दिवा दडवावा. ते तापत नाहींत. घरच्या विजेचा जुना बल्ब कापसाजवळ कदापि नेऊं नये. दिवे एका तालांत लुकलुकले तर ती आग न दिसतां लग्नघरची रोषणाई दिसते. काजळी खिडकीच्या वरच्या अंगास फांसावी, खालीं नव्हे. आणि पणत्या? त्या किल्ल्यावर नकोतच. अंगणाच्या कडेला, कापसापासून दूर मांडाव्या. येथें मुलें कुरकुरलीं, पण आम्ही ढळलों नाहीं.

न्यायशास्त्रांतील पर्वत, धूर आणि अग्नीचें अनुमान आम्हीं एके काळीं घोकलें होतें. आमच्या पर्वतावर धूर आहे व वह्नि नाहीं. नैयायिकांनीं त्यास हेत्वाभास म्हणावें, आमची तक्रार नाहीं.

कापूस पिंजावयास थोरली नातच बसली. सर्व मांडून झाल्यावर तिनें एकच चूक काढली: धूर पूर्वेकडे कललेला आणि बुरुजावरचें निशाण पश्चिमेकडे फडकणारें. धाकट्यानें मुकाट्यानें निशाण फिरविलें.