त्यापेक्षा

मराठीतली सगळ्यांत जहाल शिवी कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी 'त्यापेक्षा' हा शब्द सांगेन. तसा दिसायला गरीब शब्द. व्याकरणाच्या पुस्तकात कुठेतरी कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. पण ज्यांना माझं म्हणणं पटत नसेल त्यांनी एकदा जामखेडला यावं, संध्याकाळी पाच ते सात आमच्या ओट्यावर बसावं आणि बाहुलीचा स्वेटर विणायला घ्यावा. सात वाजेपर्यंत अर्धी बाही होईल आणि निदान आठ 'त्यापेक्षा' कानावर पडतील.

"काकू, बाहुलीला कशाला? त्यापेक्षा नातवाला विणा की!"

"वहिनी, हात काय सुंदर आहे हो तुमचा! त्यापेक्षा बचत गटात या, चार पैसे तरी मिळतील."

"त्यापेक्षा जप करा, आजी. बोटं तीच, पुण्य जास्त."

हे शेवटचं वाक्य ज्यांचं, ते गृहस्थ स्वतः रोज खर्डा चौकात दोन तास उभे राहून 1795 ची खर्ड्याची लढाई नव्याने लढत असतात. निजामाचा त्यांनी आजवर किती वेळा पराभव केला याची गणती खुद्द निजामालाही ठेवता आली नसती. त्यांना मात्र "त्यापेक्षा घरी जाऊन लसूण सोला" असं म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. पुरुषाने वेळ घालवला की तो इतिहास होतो. दिवाळीत मुलगा चिखलाचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतो, तेव्हा अख्खी आळी कौतुकाने बघायला येते. त्याच मावळ्याला थंडी वाजेल म्हणून मुलीने मफलर विणला, तर तो पोरखेळ!

मी हा लेख भांडायलाच लिहिते आहे, हे सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणी खुसखुशीत वगैरे म्हणून वाचायला घ्यायचं आणि मग नाक मुरडायचं.

त्यापेक्षावाल्यांचा पहिला हल्ला हवामानाचा असतो. "जामखेडच्या उन्हात लोकर?" जसं काही मी एस्किमोंचं टपालच चुकून फोडलं आहे. अहो, लोकर या तालुक्याला नवी नाही. ज्यांच्या नावावरून 2024 मध्ये आपल्या जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, त्या अहिल्याबाई 1725 साली जन्मल्या त्या याच तालुक्यातल्या चौंडीला, धनगराच्या घरात. मेंढरं, लोकर आणि घोंगडी ही या माळाची जुनी संपत्ती. आता दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि खरखरीत. तिची घोंगडी उत्तम होते, पण बाहुलीचं झबलं केलं तर बाहुलीच खाजवायला लागेल. म्हणून मी दुकानातली चारपदरी लोकर आणते आणि तिचे पदर उकलून दोनच ठेवते. राहिली थंडी. बालाघाटाच्या डोंगराकडून पौषात जो वारा येतो, तो बाहुली आणि तहसीलदार यांच्यात भेद करत नाही.

दुसरा हल्ला, "एवढंसं तर असतं, त्यात काय?" हा. इथे मात्र माझा खरोखर संताप होतो. म्हणणाऱ्याने एकदा दहा इंची बाहुलीला हात घालून बघावा. माणसाच्या स्वेटरला नऊ किंवा दहा नंबरच्या सुया पुरतात. बाहुलीला चौदा नंबरची सुई लागते, म्हणजे दोन मिलिमीटरची, आणि ती आमच्या बाजारात मिळत नाही. सायकलचा स्पोक बरोबर तेवढ्या जाडीचा असतो. आमच्या ह्यांच्या जुन्या सायकलचे चार स्पोक मी घासून घेतले आहेत. (सायकल तशीही चालत नव्हती. आता तर मुळीच चालत नाही.) पुढच्या भागाला चोवीस टाके घालायचे, ओळी तीस. मागचा भाग तसाच. बाहीला चौदा टाके, ओळी वीस, आणि बाह्या दोन, कारण बाहुलीलाही हात दोनच असतात. गुणाकार केला तर बरोबर 2000 टाके होतात. त्यात एखादा टाका गळला तर माणसाच्या स्वेटरात खपून जातो. इथे चोवीसात एक गेला म्हणजे माणसाच्या छातीवरून पाऊण इंच गेल्यासारखं झालं. शिवाय बाहुलीचं डोकं तिच्या अंगाच्या मानाने भलतंच मोठं. सरळ गळा घेतला तर स्वेटर कानावरच अडकतो. म्हणून पाठीमागे फट ठेवायची, तिला टिचबटण लावायचं. आणि हाताची बोटं पसरलेली, ती लोकरीत अडकतात. बाही चढवताना हाताला कागद गुंडाळावा लागतो. नऊवारी नेसवणं त्या मानाने सोपं. पाच फुटी बाईला नऊ वार, तर तिच्या एकषष्ठांश बाहुलीला दीड वार. काष्टा मात्र नीटच यायला हवा. त्यात एकषष्ठांश चालत नाही.

एवढं करून देवघरातल्या बाळकृष्णासाठी टोपी विणली असती तर? तर मी भाविक ठरले असते. आमच्याच आळीत तीन घरी बाळकृष्णाला मार्गशीर्षापासून स्वेटर असतो. पंढरीच्या विठोबालाही थंडीत कानपट्टी बांधतात, उबदार पांघरूण घालतात. मला त्याचं अतिशय कौतुक आहे. कटीवर कर ठेवून उभ्या असलेल्या देवाचे कान गार पडत असतील, हे ज्याला प्रथम सुचलं त्याला माझा नमस्कार. पण मूर्ती वीतभर, बाहुलीही वीतभर. लोकर तीच, टाके तेच. विणलेली वस्तू देव्हाऱ्याकडे वळते की खेळण्यांच्या टोपलीकडे, एवढ्यावर मी पुण्यवान की रिकामटेकडी हे ठरणार असेल, तर माझी काही हरकत घेण्याची सोय नको का?

थोरामोठ्यांनी केलं की मात्र सगळं क्षम्य असतं. व्हिक्टोरिया राणी लहानपणी 132 लाकडी बाहुल्या बाळगून होती, आणि त्यातल्या कित्येकींचे कपडे तिने स्वतः शिवले होते. ज्या ल्युटेन्स साहेबांनी नवी दिल्ली बांधली, त्यांनीच त्या काळात मेरी राणीसाठी बाहुल्यांचा वाडा बांधला. तो 1924 मध्ये पुरा झाला. सगळं खऱ्याच्या एक बारांश. नळाला पाणी, दिवे चालू, बाटल्यांत खरी वाइन. राष्ट्रपती भवन बांधणाऱ्या माणसाला कुणी म्हणालं असेल का, "साहेब, त्यापेक्षा एखादी धर्मशाळा बांधा"?

माझी आई 1972 च्या दुष्काळात हे काम करायची. तेव्हा मी आठ वर्षांची होते. विंचरणेच्या पात्रात वाळू होती आणि ताटात मिलोची लाल भाकरी. लोकर विकत आणण्याचा प्रश्नच नव्हता. पण आमच्या घरात एक लोकर होती, आणि ती मरायला तयार नव्हती. मूळची ती वडिलांच्या लग्नातल्या स्वेटराची. कोपरं फाटली तेव्हा तो उसवून थोरल्या भावाला बिनबाह्यांचा झाला. भाऊ वाढला, लोकर वाढेना. मग धाकट्याचा झाला. मग मफलर. मग पाळण्यातल्या बहिणीचं टोपडं. दर वेळी उसवायचं, लडी करून धुवायची, पाण्याने भिजवून वजन टांगून सुरकुत्या काढायच्या. आणि दर वेळी थोडी लोकर तुटून कमी व्हायची. शेवटी लिंबाएवढा गुंडा उरला. त्यातून माणसाचं काही होण्यासारखं नव्हतं. आईने त्याचा माझ्या चिंध्यांच्या बाहुलीला कोट केला. दिवसभर पाण्यामागे आणि धान्यामागे उभं राहून आलेली बाई रात्री कंदिलाशी बसून कोट विणत होती, त्याला खिसा होता! त्या खिशात काय ठेवायचं, हे मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "रुमाल." आणि दुसऱ्या दिवशी रुमालही केला.

पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं की, 1945 च्या मार्चमध्ये, लढाई अजून संपलेली नसताना, पॅरिसच्या नामांकित शिंप्यांनी लूव्ह्‌रच्या इमारतीत एक प्रदर्शन भरवलं होतं. कापड मिळत नव्हतं, माणसांचे कपडे करणं परवडत नव्हतं. म्हणून त्यांनी सुमारे 70 सेंटिमीटर उंचीच्या तारेच्या बाहुल्या केल्या आणि सगळी नवी फॅशन त्यांच्या अंगावर चढवली. बटणं खरी, काज्यातून जाणारी. पर्स उघडली तर आत पावडरची डबी. ते वाचून मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. पॅरिसला जे 1945 मध्ये सुचलं ते जामखेडला 1972 मध्ये सुचलं, एवढंच. आमच्याकडे गाडी जरा उशिरा येते.

आता त्यापेक्षावाल्यांचं सगळ्यांत धारदार शस्त्र. "त्यापेक्षा नवजात बाळांची टोपडी विणा." यावर बोलायला जीभ रेटत नाही, कारण गावच असं आहे. इथे 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्याचं काम सुरू केलं, खेड्यापाड्यांतल्या बायकांना, ज्यांतल्या पुष्कळशा शाळेत गेलेल्या नव्हत्या, आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. 1979 मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लहानशा बाळाचं डोकं उघडं राहिलं तर ते गार पडतं, हे मला कुणी वेगळं समजावायला नको. कमी वजनाच्या बाळाचं टोपडं आणि मोठ्या बाहुलीचं टोपडं यांत फार फरक नसतो. मी अशी टोपडी विणलीही आहेत, आणि बाहुल्यांवर हात बसलेला असल्यामुळे ती पटापट होतात. हा मुद्दा माझ्या वकिलाने कोर्टात पहिल्यांदा मांडला असता. मी मात्र तो मांडणार नाही. बाहुलीचा स्वेटर हा टोपड्याचा सराव आहे असं एकदा कबूल केलं, की उद्यापासून बाहुलीला सुट्टी आणि मला कोटा!

कारण बाईच्या हातातला वेळ हा सार्वजनिक पाणवठा आहे, अशी आपली समजूत आहे. ज्याने त्याने घागर घेऊन यावं. सकाळ स्वयंपाकाची, दुपार पाहुण्यांची, संध्याकाळ देवाची. त्यातून तास उरलाच तर तो समाजाचा. आणि हे सगळं मी करत आले आहे, कुरकूर न करता (आमचे हे या वाक्यापाशी खोकले). पण दिवसातून एक तास मला अशा वस्तूसाठी हवा आहे, जिची कुणीही वाट बघत नाही. जी झाली नाही तर कुणी उपाशी राहणार नाही, झाली तर कुणाचं पोट भरणार नाही. बाहुली "अजून झालं नाही का?" असं विचारत नाही. "गळा जरा घट्टच झाला" असंही म्हणत नाही. इतकं समजूतदार गिऱ्हाईक मला सासरी आणि माहेरी मिळून भेटलेलं नाही.

विकण्याबद्दल सूनबाईंनीही एकदा सुचवलं. "आई, मोबाइलवर फोटो टाकू या. तिकडे अमेरिकेत एका बाईने सिनेमातल्या बाहुलीसाठी सुईसारख्या तारांवर स्वेटर विणले." खरं आहे ते. 'कोरलाइन' नावाचा सिनेमा 2009 मध्ये आला, त्यासाठी अल्थिया क्रोम या बाईंनी बोटाएवढे स्वेटर आणि हातमोजे विणले होते. त्यांना माझा सादर प्रणाम. माझी सायकल त्यांच्यापुढे बैलगाडी आहे. पण मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. 2000 टाके, मिनिटाला वीस धरले तरी शंभर मिनिटं. वर शिवण, टिचबटण, इस्त्री. रोजगार हमीच्या दराने मजुरी लावली तरी स्वेटर बाहुलीपेक्षा महाग पडतो. गिऱ्हाईक म्हणणार, "एवढ्याशा वस्तूला एवढे पैसे? त्यापेक्षा..." म्हणजे फुकटात जो शब्द ओट्यावर ऐकायला मिळतो, तो ऐकायला दुकान कशाला मांडायचं?

सध्या मी गडबडीत आहे. नातीच्या बाहुलीचं लग्न मे महिन्याच्या सुट्टीत धरलं आहे. नवरामुलगा शेजारचा, प्लास्टिकचा, एका पायाने अधू, पण घराणं चांगलं आहे. शालू झाला, शेला व्हायचा आहे, आणि वरमाईने आयत्या वेळी लोकरीचं जाकीट मागितलं आहे. मे महिन्यात! मी एका शब्दाने 'त्यापेक्षा' म्हटलं नाही. फक्त लोकरीच्या दोन लड्या उकलायच्या राहिल्या आहेत, आणि लडी ताणून धरायला समोर दोन मोकळे हात लागतात. खर्डा चौकातल्या त्या गृहस्थांना मी उद्या पाच वाजता बोलावलं आहे. लढाई त्यांनी इथे बसून सांगावी. हात तेवढे खाली करू नयेत.