विश्लेषण : फोनमध्ये हजारो फोटो, मग आजीची गोष्ट हरवते कुठे?

घरातले वयस्कर माणूस जाते. हार घालायला फोटो हवा म्हणून शोधाशोध सुरू होते आणि फोनमध्ये शेकडो फोटो सापडतात. लग्नातले, वाढदिवसाचे, नातवाबरोबरचे. त्या माणसाचा सलग दोन मिनिटांचा आवाज मात्र सापडत नाही. १९७२च्या दुष्काळात जे १५ वर्षांचे होते, त्यांनी आज पासष्टी ओलांडली आहे. १९६१चा पानशेतचा पूर डोळ्यांनी पाहिलेले त्याहून थकले आहेत. आठवणी टिपण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात असताना त्या हरवतात का?

पूर्वी घराण्याची नोंद कोण ठेवायचे?

त्र्यंबकेश्वर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या कुटुंबांच्या पिढ्यांची नावे सापडतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारोदार जाऊन घराण्याची वंशावळ सांगत. या नोंदींतून पणजोबांच्या वडिलांचे नाव कळते. पण त्यांनी मूळ गाव का सोडले, जमीन कशी गेली, भाऊबंदकी कशावरून झाली, हे कळत नाही. त्यातही वंशावळ पुढे सरकते ती मुख्यतः पुरुषांच्या नावांनी. नावे टिकली, गोष्टी राहून गेल्या.

मग बायकांच्या गोष्टी कुठे होत्या?

बऱ्याचशा जात्यावर होत्या. माहेर, सासर, भाऊ, लेक, पंढरीची वाट हे सगळे पहाटेच्या ओवीत यायचे. गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि दळतानाची ओवीही थांबली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. २०१७पासून हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ अर्थात ‘पारी’च्या संकेतस्थळावर येऊ लागला. त्यात ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही नोंदवलेले आहे. कोणीतरी समोर बसून ऐकले आणि कोण गात आहे हे लिहून ठेवले, म्हणून आज त्या बायकांची ओळख शिल्लक आहे. घरातल्या आठवणींनाही हाच नियम लागू होतो.

फोनमध्ये आहे म्हणजे जपले गेले का?

नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो सहसा आकाराने लहान होतो आणि तो कधी काढला ही त्यातली मूळ माहितीही निघून जाते. व्हॉइस नोट फोनमध्ये राहते, पण आकड्या-अक्षरांच्या नावाने. दहा वर्षांनी ती कोणाची, कशाबद्दल, हे उघडून ऐकल्याशिवाय कळणार नाही. क्लाउडचेही तसेच. सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील मजकुरासह काढून टाकण्याचा अधिकार गूगलने धोरणात राखून ठेवला आहे. आजोबांचा पासवर्ड आजोबांबरोबर गेला, तर त्यांचे फोटोही जाऊ शकतात.

नेमके काय करावे?

• प्रश्न छोटा विचारावा. ‘आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग’ म्हटले की ‘माझे काय सांगायचे?’ असे उत्तर येते. ‘दुष्काळात खडी फोडायला कुठे जायचीस? सुकडी कोण आणायचे?’ असे विचारले की गोष्ट सुरू होते.

• जुना अल्बम किंवा माळ्यावरचे भांडे समोर ठेवावे. वस्तू हातात आली की नावे आठवतात.

• पंखा आणि टीव्ही बंद करून फोन जवळ ठेवावा. मध्ये बोलू नये, बोलीही सुधारू नये. आजीचे शब्द हाच तिचा ठेवा असतो.

• रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगावे. फाइललाही तेच नाव द्यावे.

• तीन प्रती ठेवाव्यात : फोनमध्ये, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर आणि दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

• गूगलच्या ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये घरातल्या विश्वासू व्यक्तीचे नाव आधीच नोंदवावे.

सगळेच सर्वांना ऐकवावे का?

इथे घाई नको. घराच्या गोष्टींत अपमान, कर्ज, मोडलेली लग्ने, जातीचे चटके असतात. ज्याने सांगितले त्याला विचारल्याशिवाय ते फॅमिली ग्रुपवर टाकणे म्हणजे विश्वासघात. ‘हे मी गेल्यावरच ऐका’ असे कोणी म्हटले तर तो शब्द पाळायला हवा. मात्र फक्त गोड आठवणी ठेवून बाकीच्या पुसणेही योग्य नाही. आजोबांनी गिरणीच्या संपानंतर दिवस कसे काढले, हे नातवाला कळले तर त्याला स्वतःच्या घराची किंमत कळेल.

तासाभराचे साधे ध्वनिमुद्रण जेमतेम ६० एमबी जागा घेते, जवळपास फुल एचडी व्हिडिओच्या एखाद्या मिनिटाइतकी. तेव्हा फोन भरला आहे ही सबब चालणार नाही. पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर आजीबरोबर सेल्फी जरूर काढावा. त्यानंतर फोन तिच्याजवळ ठेवून एक प्रश्न विचारावा आणि गप्प बसावे.