परिपत्रक नको, बिंदुनामावली दाखवा

मा. संचालक,
आयआयटी मुंबई, पवई

विषय : राखीव अध्यापकपदांच्या भरतीचा विभागवार हिशेब

महोदय,

दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा दलित विद्यार्थी 12 फेब्रुवारी 2023 रोजी आपल्या आवारात मरण पावला. संस्थेच्या चौकशी समितीने मार्चमधल्या अंतरिम अहवालात जातिभेदाचा थेट पुरावा नसल्याचे सांगितले आणि त्याच्या खालावलेल्या गुणांकडे बोट दाखवले. जुलैमध्ये परिपत्रक निघाले की, विद्यार्थ्यांनी एकमेकांना जेईईचा रँक विचारू नये. मेसमध्ये ताट घेऊन बसलेल्या नव्या मुलाला ‘रँक किती?’ असे विचारले की उत्तरातून त्याचा प्रवर्ग कळतो, हे तिथे सगळ्यांना माहीत असते. संस्थेच्या अनुसूचित जाती-जमाती कक्षाच्या 2022 मधल्या पाहणीत 388 विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली होती, आणि जात काढून घेण्यासाठी रँक विचारला गेल्याचे 37 टक्क्यांनी सांगितले होते. म्हणजे संस्थेच्याच कक्षाला हे कळून वर्ष उलटले, एक मुलगा गेला, आणि मग परिपत्रक आले.

पण मुलांना काय विचारू नये हे शिकवून मूळ दुखणे बरे होणार नाही. शिकवायला कोण उभे राहते, गाइड कोण होतो, तक्रार कोणाच्या टेबलावर जाते, यावरून मुलाला कळते की ही जागा आपली आहे की नाही. संसदेच्या 2019 च्या कायद्यानुसार केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या अध्यापकपदांत अनुसूचित जातींना 15, जमातींना 7.5 आणि इतर मागासवर्गीयांना 27 टक्के जागा राखीव आहेत. टीआयएफआरसारख्या काही संशोधन संस्थांना त्यातून सूट मिळाली; त्या यादीत आयआयटी नाहीत. तरीही 2020 मध्ये आयआयटी दिल्लीच्या तत्कालीन संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने आयआयटींनाही सूट मागितली. 2021 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला राखीव पदांचा अनुशेष भरण्यासाठी वर्षभराची मुदत घालून द्यावी लागली. त्यानंतर जानेवारी 2023 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने माहिती अधिकारातून मिळालेले आकडे छापले. मुंबईसह पाच आघाडीच्या आयआयटींत 98 टक्के प्राध्यापक उच्चवर्णीय होते. सहायक आणि सहयोगी प्राध्यापकांतही हे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर होते. याला अपघात कसे म्हणायचे?

‘योग्य उमेदवार मिळत नाहीत’ हे उत्तर आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. अध्यापक पीएचडीधारकांतून येतात, आणि पीएचडीचे प्रवेश आपणच देता. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, आधीच्या पाच वर्षांत सात जुन्या आयआयटींमधून पदवी अर्धवट सोडणाऱ्यांत सुमारे 63 टक्के राखीव प्रवर्गातले होते. वाटेतच मुले गळत असतील, तर शेवटी उमेदवार नाहीत ही सबब संस्थेला कशी वापरता येईल? आणि मनावर घेतले की बदल घडतो, हे आयआयटींनीच सिद्ध केले आहे. 2017 पर्यंत बी.टेक.ला मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होते. 2018 पासून मुलींसाठी अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या संख्येपेक्षा जादा, जागा निर्माण केल्या आणि दोन-तीन वर्षांत ते वीस टक्क्यांच्या आसपास गेले. त्याने आयआयटीची पत घसरली नाही. दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. 2019 चा हा कायदा कोणाचीही पीएचडी माफ करत नाही, मुलाखत रद्द करत नाही. गुणवत्ता मोजणाऱ्या निवड समितीत पिढ्यान् पिढ्या एकाच थरातली माणसे बसत असतील, तर त्या मोजमापाची तपासणी मागणे हा गुणवत्तेचा अपमान ठरत नाही.

आमचे मनोरी गाव आणि पवई एकाच मुंबई उपनगर जिल्ह्यात आहेत. इथल्या मुलाला मार्व्याची फेरीबोट, मग बस, मग लोकल असे करत आपल्या फाटकापर्यंत पोहोचता येते. फाटकाच्या आत त्याला काय वाढून ठेवले आहे, हे जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने सांगितलेच पाहिजे. म्हणून मागणी एकच आहे : प्रत्येक विभागाची बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी याची नोंद), राखीव पदे, आलेले अर्ज, मुलाखतीला बोलावलेले, निवडलेले, आणि पद रिक्त ठेवले असल्यास निवड समितीचे लेखी कारण, हे सारे दरवर्षी प्रवर्गवार जाहीर करा. ही माहिती मिळवायला नागरिकांना माहिती अधिकाराचे अर्ज का करावे लागावेत? आम्हाला आणखी एक समिती नको, आणखी एक समुपदेशन सत्र नको. हा हिशेब हवा आहे.

आपला,
मनोरी येथील एक नागरिक