एकदा ऐकून तर घ्या!

दिवाळीच्या दिवसांत कोणाच्या रसिकतेवर कोरडे ओढू नयेत, असा एक शिष्टाचार आहे. परंतु ज्या रसिकतेविषयी मला बोलायचे आहे ती नेमकी दिवाळीतच, पहाटे साडेपाच वाजता, उटण्याचा आणि अत्तराचा वास मिरवीत घराबाहेर पडते. तिला दुसऱ्या कोणत्या मुहूर्तावर गाठावे? तेव्हा वाचकहो, चकलीचा तुकडा मोडता मोडता माझे चार कडू शब्दही चघळून पाहा.

माझी तक्रार थोडक्यात अशी आहे. नावाजलेली मंडळी सोडून जो गायक एकटा उभा राहतो आणि उतारवयात स्वतःची नवी गाणी घेऊन पुन्हा आपल्या दारी येतो, त्याला आपण ऐकत नाही. आपण त्याला शाल घालतो, श्रीफळ देतो, त्याच्याबरोबर फोटो काढून घेतो आणि त्याने तोंड उघडण्यापूर्वीच ओरडतो, “ते जुनं होऊन जाऊ द्या!” याला आपण प्रेम म्हणतो. मी याला वसुली म्हणतो. तीस वर्षांपूर्वी या माणसाने आपल्याला जे दिले, ते त्याने जन्मभर हप्त्याहप्त्याने देत राहावे, असा आपला हिशेब असतो.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. अमेरिकेत स्टीव्ह पेरी नावाचा रॉक गायक आहे. १९७७ साली तो ‘जर्नी’ या वाद्यवृंदात आला आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या उंच, चिरत जाणाऱ्या आवाजाने त्या वाद्यवृंदाला जगभर नेले. १९८१ सालचे त्यांचे ‘डोण्ट स्टॉप बिलीव्हिन’ आजही लग्नाच्या मेजवानीपासून खेळाच्या मैदानापर्यंत वाजते. १९८७ साली तो बाहेर पडला. १९९६ साली एका ध्वनिमुद्रिकेपुरता परतला, पण कंबरेच्या सांध्याचे दुखणे उपटले. मंडळी थांबायला तयार नव्हती. तिने दुसरा गायक घेतला, आणि हा गृहस्थ गाणेच सोडून बसला. पुढे त्याच्या आयुष्यात एक स्त्री आली. तिला कर्करोग होता. आपण गेल्यावर पुन्हा एकांतात दडून बसायचे नाही, असे वचन तिने त्याच्याकडून घेतले. २०१२ साली ती गेली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्याने ‘ट्रेसेस’ ही आपली नवी ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातला आवाज जुन्यापेक्षा जाड आणि खरखरीत आहे. जे पूर्वी ओरडून सांगितले जाई, ते आता हळू सांगितले जाते.

आणि मंडळी? तिने २००७ साली फिलिपिन्समधल्या मनिला शहरातला एक गायक शोधून काढला. जुनी गाणी म्हणतानाच्या त्याच्या चित्रफिती इंटरनेटवर होत्या, त्यांवरूनच त्याची पारख झाली. तो उत्तम गातो. त्याच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते ऐकणाऱ्यांशी. त्यांतल्या बहुतेकांना पेरीचा १९८१ सालचा गळा हवा असतो, प्रत्यक्ष पेरी नको असतो! गळा मिळाला की पुरे, मग त्या गळ्याचा धनी एवढी वर्षे काय सोसत होता आणि आता काय म्हणू पाहतो आहे, याची विचारपूस कोण करतो?

“हे परदेशातले रॉकवाल्यांचे प्रकार, आमचा काय संबंध?” असे कोणी म्हणेल. फार जवळचा संबंध आहे. मंडळी सोडणाऱ्या गायकांचा इतिहास आपल्याइतका दुसऱ्या कोणाचा असेल असे मला वाटत नाही. १९१३ साली बालगंधर्वांनी किर्लोस्कर नाटक मंडळी सोडली. बरोबर गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस होते. तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीत ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले होते आणि अपार गाजले होते. बालगंधर्वांनी पुढे जन्मभर तेवढेच करावे, असा आग्रह त्या वेळच्या प्रेक्षकांनी धरला असता आणि तो चालला असता, तर १९१६ सालचे ‘स्वयंवर’ आणि त्यातल्या भास्करबुवा बखल्यांच्या चाली कोणी ऐकल्या असत्या? १९१९ साली गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधू कोणी पाहिली असती? ज्या गंधर्वयुगाचे नाव काढताच आपले डोळे पाणावतात, ते युग मंडळी सोडल्यानंतरचे आहे!

आणि पार्ल्याला गेलात, की ज्या नाट्यगृहात आपण जुन्या गाण्यांच्या मैफली ऐकतो त्याच्या दारावरचे नाव एकदा वाचा. मास्टर दीनानाथ मंगेशकर. त्यांनीही १९१८ साली हीच किर्लोस्कर मंडळी सोडली आणि चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर बळवंत संगीत मंडळी काढली. ‘भावबंधन’ आणि ‘रणदुंदुभी’ ही त्या मंडळीची नाटके. म्हणजे ज्याने बाहेर पडण्याचे धाडस केले, त्याच्या नावाच्या सभागृहात बसून आपण धाडस करणाऱ्यांना “जुनेच म्हणा” असे बजावतो. या विनोदाला हसावे तरी कसे?

आता आपल्या काळातले, मुंबईतले आणि तेही रॉकचेच उदाहरण घ्या. नंदू भेंडे. वडील आत्माराम भेंडे, आई आशा भेंडे. घर सगळे रंगभूमीचे. मुलगा मात्र सत्तरच्या दशकात ‘व्हेल्व्हेट फॉग’सारख्या मुंबईच्या रॉक वाद्यवृंदात इंग्रजी गाणी गाऊ लागला. १९७४ साली अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो ज्यूडास झाला. तेथेच थांबला असता, तर इंग्रजी नाटकांच्या वर्तुळात जन्मभर कौतुक करून घेता आले असते. पण १९७८ साली पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिले, जब्बार पटेलांनी ते थिएटर अॅकॅडमीसाठी बसवले, आणि त्यातला अंकुश म्हणून नंदू भेंडे मराठीत उभा राहिला. भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर त्या नाटकाच्या संगीतातही त्याचा वाटा होता. मराठी शब्द रॉकच्या ठेक्यावर चालू शकतात, धावू शकतात, दात दाखवू शकतात, हे त्याने दाखवून दिले. २०१४ साली तो गेला. आज त्याचे नाव काढले, की पहिली आठवण निघते ती १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधल्या ‘कृष्णा धरती पे आजा तू’ची! ते गाणे त्याने गायले, झोकात गायले, याबद्दल वाद नाही. पण मराठी रॉकची जी वाट त्याने दाखवली, तिच्यावरून पुढे किती जणांना आपण चालू दिले? ती वाट गवताने झाकून गेली, कारण तिच्यावरून ऐकणारेच फिरकले नाहीत.

रॉक ऐकणाऱ्या पिढीनेही आपली पाठ थोपटून घेऊ नये. १९८६ साली धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला, पुढे तो अंधेरीच्या चित्रकूट मैदानावरही भरला. त्या काळात ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या वाद्यवृंदाने परक्यांच्या गाण्यांच्या नकला सोडून स्वतःची गाणी रचली. १९८८ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९९३ साली त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, १९९७ साली ते पांगले, २०१० साली पुन्हा जमले आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ ही नव्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका घेऊन आले. ज्यांना खरोखर काही सांगायचे असते ते असेच परततात. पण त्या मैदानांत केस वाढवून “आमची स्वतःची गाणी हवीत” म्हणून नाचलेले तरुण आज पन्नाशी ओलांडून बोरिवली-मुलुंडच्या सदनिकांत सुखाने नांदत आहेत, आणि कोणी त्यांना “चला, नवे काही ऐकू” म्हटले की विचारतात, “जुनी म्हणणार आहेत ना?” बंडखोराचा भाडेकरू व्हावा आणि भाडेकरूचा घरमालक व्हावा, तसे हे झाले आहे.

उपनगरांतली दिवाळी पहाट हे या वृत्तीचे देवघर. बोरिवलीत जा, घाटकोपरला जा, मुलुंडला जा. तीच पंचवीस गाणी, तोच क्रम, निवेदकाच्या तोंडी तेच किस्से. आमच्या मुलुंडमधल्या अशाच एका समितीत मी काही वर्षे होतो. एका वर्षी साठी उलटलेला एक गायक आला. एका प्रसिद्ध वाद्यवृंदात उमेदीची वर्षे घालवून तो बाहेर पडला होता. त्याने नम्रपणे विचारले, “माझी स्वतःची दोन गाणी म्हणू का?” मी हो म्हणालो. बाकीचे सगळे एकमुखाने म्हणाले, “शेवटी बघू, वेळ उरला तर.” वेळ उरला नाही. वेळ कधीच उरत नसतो, तो द्यावा लागतो. चहाला मात्र वीस मिनिटे दिली होती.

माझ्यावर आक्षेप येतील, ते मीच मांडतो. पहिला आक्षेप असा, की श्रोता पैसे मोजतो, त्याला हवे ते मिळालेच पाहिजे. जरूर मिळावे! हॉटेलात बसून थालीपीठ मागणाऱ्याला थालीपीठच मिळावे. पण गायकाचे घर म्हणजे हॉटेल नव्हे. तेथे यजमान आज काय रांधतो, हे कुतूहलाने पाहण्यात पाहुण्याची शोभा आहे. आणि जे आपल्याला आधीच आवडते तेवढेच ऐकायचे असेल, तर ध्वनिमुद्रण घरी आहेच. जिवंत माणसाला पहाटे पाचला उठवून आणण्याचे कारण काय?

दुसरा आक्षेप असा, की म्हाताऱ्या गायकांची नवी गाणी बहुधा वाईट असतात. असतील. तरुणांचीही बहुतेक वाईटच असतात. पण वाईट ठरवण्यासाठी ती आधी ऐकावी लागतात. आपण न ऐकता निकाल देतो, हे न्यायाधीशाने झोपेत फाशी सुनावण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. मंडळी म्हणजे एकट्या गायकाची मालमत्ता नव्हे; पेटीवाला, तबलजी, गिटारवाला, कवी या सगळ्यांच्या घामातून ती उभी राहते. गायक बाहेर पडला, की त्यांचे काय? हे मला मान्य आहे. किर्लोस्कर मंडळीचे दुःख मी हलके लेखीत नाही. पण म्हणूनच तर मी म्हणतो, की बाहेर पडलेल्याने जुनी गाणी विकून पोट भरू नये, नवे रचावे. जुने वैभव सगळ्यांचे असते. नवे मात्र तो स्वतःच्या जोखमीवर मांडतो. ज्याने जोखीम पत्करली त्यालाच आपण मागे ढकलावे आणि ज्याने पत्करली नाही त्याला टाळ्या द्याव्यात, हा कोठला न्याय?

आणि हा प्रश्न एकट्या गायकाच्या मानापमानाचा नाही. आज ज्याला आपण मराठी गाण्यांचे सुवर्णयुग म्हणतो, त्यातले प्रत्येक गाणे एके दिवशी नवे होते. कोणी तरी ते प्रथम ऐकले, अनोळखी म्हणून उठून गेले नाही, म्हणून ते जुने होऊ शकले. आपल्या आजोबांनी आपल्यासाठी एवढे केले. आपण आपल्या नातवंडांसाठी काय ठेवतो आहोत? त्यांना पन्नास वर्षांनी दिवाळीच्या पहाटे कोणती गाणी आठवणार? आपल्याच आजोबांची? तोवर ती इतकी झिजलेली असतील, की त्यांतला अर्थ नाण्यावरच्या छापासारखा पुसून गेला असेल.

मी फार मोठे मागत नाही. जुन्या गाण्यांवर माझेही प्रेम आहे. ती सोडा असे मी सांगत नाही. या वर्षी आपल्या पेठेतल्या, आपल्या कॉलनीतल्या दिवाळी पहाटेच्या समितीला इतकेच सांगा, की वीस गाण्यांत तीन गाणी गायकाच्या स्वतःच्या मर्जीची, नवीन, आणि तीही मध्यंतराच्या आधी. ती चालू असताना मोबाईल खिशात ठेवा, शेजारणीच्या पैठणीचा भाव विचारू नका, आणि चहाच्या किटलीकडे डोळे लावू नका. गाणे आवडले नाही तर खुशाल टाळी वाजवू नका. गायकाला ते सोसते. न ऐकलेले मात्र त्याला सोसत नाही.

एखादा पांढऱ्या केसांचा माणूस सगळी मानमरातबाची मंडळी मागे टाकून, फाटलेल्या गळ्याने काही नवे सांगायला उभा राहिला, तर समजा की त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही तरी आहे. नसते तर तो जुने गाऊन सुखाने घरी गेला असता. रसिकहो, एकदा ऐकून तर घ्या!