आकाशातून दिसणारे काळे ठिपके

वर्षअखेरच्या शाळेच्या सुट्टीत मी अमेरिकेत धाकट्या दिरांकडे गेले होते. ते व्हर्जिनिया राज्यात हर्नडन या गावी राहतात. वॉशिंग्टन राजधानीपासून हे गाव सुमारे ३५ किलोमीटरवर, डलस विमानतळाच्या अगदी शेजारी आहे. गाव म्हटले तरी आपल्या डोळ्यांना दिसतात त्या काचेच्या कचेऱ्या आणि मोटारींच्या रांगा. पाहण्यासारखे तेथे काय असणार, असे मला वाटले होते. पण याच गावातून काही वर्षे जगातील एका अतिशय मोठ्या कॅमेऱ्याचा कारभार चालत होता, आणि त्या कॅमेऱ्याशी आपल्या बेटाचाही संबंध पोहोचतो. म्हणून हा लेख.

जिओआय नावाच्या कंपनीची मुख्य कचेरी हर्नडनला होती. ६ सप्टेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातील वँडेनबर्ग येथून तिचा जिओआय-१ हा उपग्रह सुटला. वजन जवळजवळ दोन टन. त्याच्या पोटातला कॅमेरा आय.टी.टी. या कंपनीने मुद्दाम बांधून दिला होता. त्याच्या मुख्य आरशाची रुंदी १.१ मीटर, म्हणजे आपल्या वर्गातील लहान मुलाच्या उंचीएवढी. आरसा एवढा मोठा कशाला, असे कोणीही विचारील. प्रकाशाचा स्वभावच असा आहे की भिंग किंवा आरसा लहान असेल तर दूरच्या दोन जवळजवळच्या वस्तू एकमेकींत मिसळून जातात. ६८१ किलोमीटर उंचीवरून त्या वेगळ्या दिसायच्या तर आरसा मोठाच हवा. या आरशाने जमिनीवरील ४१ सेंटीमीटरचा तुकडा एकेका ठिपक्यात टिपला. ४१ सेंटीमीटर म्हणजे आपल्या आजोबांच्या मापाने एक हातसुद्धा पुरा नाही! मोटार दिसते, झाड दिसते. माणूस मात्र ओळखू येत नाही.

या कॅमेऱ्यात फिल्म नाही, आणि आपल्या घरच्या कॅमेऱ्याप्रमाणे तो खटकन एकदम चित्रही घेत नाही. झेरॉक्स यंत्रात प्रकाशाची पट्टी कागदाखालून सरकते, तशी त्याची नजर जमिनीवरून सरकत जाते आणि ओळीमागून ओळ टिपते. एका वेळी १५.२ किलोमीटर रुंदीचा पट्टा. आपले अख्खे बेट उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत ओलांडायला त्या उपग्रहाला दहाएक सेकंद लागतात. पोर्ट लुईहून सुयाकला बसने जाताना हे आठवून पाहा.

याआधीचे कॅमेरे याहूनही अवाढव्य होते. हर्नडनजवळ शँटिली येथे विमाने आणि अंतराळयानांचे प्रचंड संग्रहालय आहे. दिरांनी मला तेथे नेले. १७ सप्टेंबर २०११ रोजी त्या संग्रहालयात फक्त एक दिवस हेक्सागॉन हा हेरगिरीचा उपग्रह लोकांना दाखविण्यात आला होता. साठ फूट लांब, बसगाडीहून मोठा! १९७१ ते १९८६ या काळात असे वीस उपग्रह सोडले गेले, त्यांतील शेवटचा फुकट गेला. प्रत्येकात मैलोगणती फिल्म असे. ती डब्यांत घालून आकाशातून खाली टाकीत, आणि पॅसिफिक महासागरावर विमाने ते डबे हवेतच झेलीत. ज्यांनी हे यंत्र बांधले त्यांना चाळीस वर्षे आपल्या बायकामुलांनाही काही सांगता आले नाही.

आता माझे मत सांगते. कॅमेरा किती मोठा, याचे कौतुक थोडा वेळ टिकते. खरा प्रश्न हा की त्याने काढलेले चित्र कोणाला पाहायला मिळते. जिओआय-१ ला ४१ सेंटीमीटर दिसत होते, पण अमेरिकन सरकारच्या नियमाप्रमाणे बाहेरच्यांना अर्ध्या मीटरपेक्षा बारीक चित्र विकण्यास मनाई होती. बारीक पीठ घरात आणि चाळणीवरचा कोंडा बाजारात, असा तो प्रकार. हा नियम २०१४ साली सैल झाला. तोपर्यंत जिओआय कंपनीच उरली नव्हती. २०१२ साली सरकारी कंत्राटाचा पैसा आटला आणि २०१३ च्या जानेवारीअखेर ती डिजिटलग्लोब या कंपनीत विलीन झाली. हर्नडनला आज त्याबद्दल विचारले तर शेजाऱ्यालाही ठाऊक नसते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अशी चित्रे सर्वांना उघडी करणे धोक्याचे आहे, असे राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी २००५ सालीच म्हटले होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर, डिसेंबरमध्ये, गूगलची ही चित्रे बंद करावीत किंवा महत्त्वाची स्थळे अंधुक करावीत अशी मागणी मुंबई उच्च न्यायालयात करण्यात आली. ज्यांची माणसे गेली त्यांच्या भीतीला मी हसणार नाही. परंतु चित्रे अंधुक केली तर ती सामान्य माणसालाच अंधुक होतात. मोठ्या राष्ट्रांजवळ आपापले डोळे आहेतच. भारतानेही २७ नोव्हेंबर २०१९ रोजी कार्टोसॅट-३ सोडला, त्याची नजर सुमारे पाव मीटरची. लहान बेटाजवळ स्वतःचा असा डोळा नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये वाकाशिओ जहाजाचे तेल आपल्या खाऱ्या पाण्यात पसरले, तेव्हा आपण माएबूरला उसाच्या पाचटाचे बांध शिवीत बसलो होतो. ते तेल कोठवर गेले आहे हे वरून आपल्याला दाखविले ते परक्यांच्या उपग्रहांनीच.

आता हर्नडनच्या त्या संध्याकाळकडे येते. दिरांची मुलगी तेथेच जन्मली, चौदा वर्षांची आहे. तिने संगणकावर आपले बेट उघडले आणि आजोबांचे गाव शोधले. कास्कावेलच्या बाजूची उसाची शेते पडद्यावर आली. तिने विचारले, "काकू, शेतात हे काळे ठिपके कशाचे? घरे आहेत का?"

मी क्षणभर गप्प झाले. ती दगडांच्या राशी होत्या. आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेल्या आहेत. ज्वालामुखीच्या दगडांनी भरलेल्या जमिनीत ऊस लावायचा म्हणजे आधी दगड वेचायचे. ते कोठीच्या मजुरांनी हातांनी वेचले, डोक्यावर वाहिले आणि शेतातच रचून ठेवले. १८३४ नंतर रत्नागिरीकडून आणि कोकणातून जे आले, त्यांचे हात त्यात आहेत. सगळ्याच राशी हातांच्या नाहीत, पुढे यंत्रांनीही पुष्कळ दगड ढकलले, हे मला माहीत आहे. तरीही आपल्या पूर्वजांच्या नावाची शिळा कोठे नसताना आकाशातून दिसणारी त्यांची खूण ही एवढीच.

तिला मी हे सांगितले. मग तिनेच एक गंमत दाखविली. गूगलच्या त्या कार्यक्रमात २००९ सालापासून जुन्या वर्षांची चित्रेही पाहता येतात. पट्टी मागे सरकवायची. तिने ती मागे नेली तर ठिपके वाढले! पुढे आणली तर कमी झाले. कारण आपल्याला ठाऊक आहे. यंत्राने ऊस तोडता यावा म्हणून शेते दगडमुक्त करतात, राशी फोडून नेतात. शेतकऱ्याचा त्यात दोष नाही, मजूर मिळत नाहीत. पण राशी गेल्यावर उरते ते हे जुने चित्रच.

परत आल्यावर मी एका कार्यालयात आमच्या भागाची जुनी हवाई चित्रे मागितली. "कशासाठी?" असा प्रश्न आला. दगड मोजायचे आहेत, असे सांगितल्यावर साहेबांनी चष्म्यावरून पाहिले, आणि त्यानंतर उत्तर आले नाही. हे मला चुकीचे वाटते. वाटेल त्या कारणासाठी नागरिकाला आपल्या जमिनीचे चित्र मिळाले पाहिजे, आणि शाळेला तर न मागता. आपली मुले भूगोलात अजून बाह्यरेषेचा नकाशा रंगवितात. त्यांना आपल्या गावाचे खरे चित्र द्या, दोन वर्षांची दोन चित्रे शेजारी ठेवा. काय बदलले ते मुले स्वतः सांगतील. आपल्या मंडळींनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतून एकेका गावाचे एक मोठे चित्र छापून घेतले तर तो खर्च फुकट जाणार नाही.

आम्ही गावात सुरुवात केली आहे. चार-पाच मुलांनी २००९ च्या आसपासचे चित्र कागदावर छापले, प्रत्येक ठिपक्याला क्रमांक दिला आणि म्हाताऱ्या माणसांना विचारीत फिरली. शेजारच्या आजोबांना आम्ही सतरा क्रमांकाची रास दाखविली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "अगं बाई, ही रास कसली? ही जुनी विहीर. माझी आई येथून पाणी नेत असे." एका हाताएवढे बारीक पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ते कळले नव्हते, आम्हालाही नाही. यादीत दुरुस्ती केली. अजून अकरा ठिपके विचारायचे राहिले आहेत, आणि आजोबांना आता लांबवर चालवत नाही. पुढच्या रविवारी त्यांना मोटारीने नेणार आहोत.