हिमनदीच्या दारात जहाजांची रांग

जुनोची प्रवासी मर्यादा शहराला थोडा दिलासा देईल. वितळत्या बर्फाचे आणि त्यातून उद्भवणाऱ्या पुरांचे काय?

अमेरिकेच्या अलास्का राज्याची राजधानी जुनो आणि क्रूझ कंपन्यांची संघटना यांच्यात २०२४ मध्ये एक करार झाला. त्यानुसार २०२६ च्या हंगामापासून या बंदरात रविवार ते शुक्रवार दिवसाला १६ हजार आणि शनिवारी १२ हजार प्रवाशांचीच जहाजे येतील, असे ठरले. मोठ्या जहाजांची संख्या दिवसाला पाचवर ठेवण्याचा निर्णय त्याआधीच, २०२३ मध्ये झाला होता आणि तो २०२४ पासून अमलात आला. जुनोची लोकसंख्या सुमारे ३२ हजार आहे. म्हणजे मर्यादा पाळूनही शहराच्या निम्म्या वस्तीइतके पाहुणे एका दिवसात बंदरावर उतरू शकतात. हिमनद्या पाहण्यासाठी जगभरातून येणाऱ्या कुटुंबांचे स्वागत करायचे, त्यांच्यावर पोटही भरायचे आणि तरीही गाव राहण्याजोगे ठेवायचे, ही कसरत या छोट्या शहराला करावी लागत आहे.

अलास्काची ही सफर साधारणपणे सात दिवसांची असते. सिएटल किंवा व्हँकुव्हर येथून जहाज निघते, बेटांच्या आडोशाने जाणाऱ्या सागरी मार्गाने उत्तरेकडे सरकते आणि केचिकन, जुनो, स्कॅगवे अशी बंदरे घेत ग्लेशियर बे किंवा एखाद्या अरुंद खाडीत बर्फाच्या कड्यासमोर येऊन थांबते. हंगाम एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतचा. चालण्याचे श्रम नाहीत, रोज सामान बांधण्याची कटकट नाही आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकाच छताखाली राहता येते. त्यामुळे कुटुंब आणि मित्रपरिवारासह करण्याची सहल म्हणून तिची लोकप्रियता वाढत गेली. सिएटल किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणारे मराठी आई-वडीलही या जहाजांवर दिसू लागले आहेत. मुंबई-पुण्यातील सहल कंपन्यांच्या जाहिरातींतही अलास्का आता नवलाईचे राहिलेले नाही.

१८८६ चा कायदा आणि कॅनडाचा थांबा

या सफरीचा आराखडा एका जुन्या कायद्याने ठरवला आहे. परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाने अमेरिकेच्या दोन बंदरांदरम्यान प्रवासी नेऊ नयेत, असा कायदा अमेरिकी संसदेने १८८६ मध्ये केला. आजची बहुतेक मोठी क्रूझ जहाजे बहामा, पनामा यांसारख्या देशांत नोंदलेली आहेत. त्यामुळे सिएटलहून निघालेल्या जहाजाला वाटेत कॅनडातील एखाद्या बंदराला, बहुधा व्हिक्टोरियाला, थांबावेच लागते. भारतीय पारपत्र असलेल्या प्रवाशाला अमेरिकेबरोबर कॅनडाच्या व्हिसाचाही विचार करावा लागतो, तो याचमुळे. करोनाच्या साथीत कॅनडाने आपली बंदरे बंद केली तेव्हा अलास्काचा हंगामच अडचणीत आला. अखेर मे २०२१ मध्ये अमेरिकी संसदेला तात्पुरती सवलत देणारा कायदा संमत करावा लागला.

परदेशी नोंदणीचा दुसरा परिणाम जहाजावरील कामगारांवर होतो. अमेरिकी वेतनाचे नियम या जहाजांना सरसकट लागू होत नाहीत, त्यामुळे फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारत अशा देशांतून कर्मचारी घेतले जातात. त्यांत गोव्यातील खलाशी आणि खानसामे पूर्वीपासून आहेत. हिमकड्यासमोर छायाचित्रे काढणाऱ्या प्रवाशाला चहा आणून देणारा तरुण मडगावचा असणे, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

मतदारांनी बंदी का नाकारली?

जुनोत २०१९ मध्ये सुमारे १३ लाख क्रूझ प्रवासी आले होते. २०२० चा हंगाम जवळपास पूर्ण वाया गेला. त्यानंतर मात्र ही संख्या झपाट्याने वाढली आणि २०२३ पासून ती साडेसोळा लाखांच्या पुढे गेली. या शहराला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. ये-जा करायची ती विमानाने किंवा बोटीने. अशा कोंडलेल्या जागी सकाळी काही हजार माणसे उतरतात तेव्हा रस्ते, पदपथ, दूरध्वनीचे जाळे, हिमनदीकडे जाणाऱ्या बसगाड्या या सर्वांवर ताण येतो. हेलिकॉप्टरच्या आवाजाची तक्रार तर अनेक वर्षांची आहे.

या असंतोषातून ऑक्टोबर २०२४ मध्ये एक प्रस्ताव मतदानाला आला. शनिवारी आणि ४ जुलैच्या राष्ट्रीय दिनी मोठ्या जहाजांना बंदी घालावी, अशी त्याची मागणी होती. सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो फेटाळला. सिटका हे साडेआठ हजारांच्या आतल्या वस्तीचे गाव. तेथे वर्षाला तीन लाख प्रवाशांची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मे २०२५ मध्ये याहून मोठ्या फरकाने पडला.

या निकालांवरून लोक गर्दीवर खूश आहेत, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. अलास्कातील लाकूड उद्योग मागेच आटला आणि मासेमारी बेभरवशाची आहे. दुकानदार, बसचालक, देवमासे दाखवणाऱ्या नौकांचे मालक आणि सुट्टीत काम करून शिक्षणाचा खर्च भागवणारी मुले यांच्यासाठी पाच-सहा महिन्यांचा हंगाम हीच वर्षाची कमाई असते. शनिवार बंद म्हणजे त्या कमाईचा सातवा भाग बंद, असा हिशेब मतदारांनी केला असावा. मतदानाच्या काही महिने आधीच नगरपालिकेने कंपन्यांशी करार केला होता. बंदीपेक्षा वाटाघाट बरी, हा युक्तिवाद त्यामुळे बळकट झाला.

त्या करारातील एक तपशील मात्र नजरेतून सुटता कामा नये. १६ हजार हा आकडा जहाजांवरील खालच्या बर्थचा, म्हणजे एका खोलीत दोन माणसे या हिशेबाचा आहे. आई-वडिलांच्या खोलीत जादा बर्थवर झोपणारी मुले त्यात मोजली जात नाहीत. शाळांच्या सुट्टीत, कुटुंबे मोठ्या संख्येने येतात तेव्हा, प्रत्यक्ष आकडा याहून वर जाऊ शकतो. शिवाय हा परस्परसंमतीचा करार आहे, कायदा नव्हे. कायद्याचा मार्ग किती खडतर असतो, हे मेन राज्यातील बार हार्बरने अनुभवले आहे. तेथील मतदारांनी २०२२ मध्ये दिवसाला एक हजार प्रवाशांची मर्यादा घातली आणि गावाला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

पैसा आहे, पण बांधलेला

अलास्काच्या मतदारांनी २००६ मध्ये क्रूझ प्रवाशांवर माणशी ४६ डॉलरचा कर बसवला होता. कंपन्यांच्या विरोधानंतर २०१० मध्ये तो साडेचौतीस डॉलरवर आणण्यात आला. त्याच मतदानातून प्रत्येक जहाजावर प्रदूषण तपासणारा निरीक्षक ठेवण्याची व्यवस्था निर्माण झाली होती. २०१९ मध्ये राज्यपालांनी तिचा निधी रोखला. या व्यवस्थेची गरज कल्पनेतून निघालेली नव्हती. १९९९ मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीने अलास्कासह अनेक ठिकाणी तेलकट सांडपाणी आणि रसायने समुद्रात सोडल्याची कबुली देऊन १ कोटी ८० लाख डॉलरचा दंड भरला होता.

जुनो नगरपालिकेच्या स्वतःच्या प्रवासी शुल्कालाही कंपन्यांनी न्यायालयात आव्हान दिले. जहाजांवरील शुल्काचा पैसा जहाजांना मिळणाऱ्या सेवांवरच खर्च व्हावा, असा निकाल संघीय न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. धक्का, बंदराची देखभाल, प्रवाशांसाठी मार्ग यांवर हा पैसा खर्च करता येतो. शहराच्या इतर निकडीसाठी तो मोकळेपणाने वापरता येत नाही. दुकानांतील खरेदीवरचा विक्रीकर शहराला मिळतो हे खरे. पण आज जुनोची सर्वांत मोठी निकड हिमनदीनेच निर्माण केली आहे.

हिमनदीचा पूर

पर्यटकांची सर्वाधिक गर्दी होते ती शहरापासून अर्ध्या तासाच्या आत असलेल्या मेंडेनहॉल हिमनदीपाशी. तिच्या कडेला सुइसाइड बेसिन नावाचा खोलगट भाग आहे. पूर्वी तेथे दुसरी एक हिमनदी येऊन मुख्य प्रवाहाला मिळत असे. ती वितळून मागे हटली आणि तिच्या जागी खड्डा उरला. उन्हाळ्यात त्यात बर्फाचे आणि पावसाचे पाणी साचते. मेंडेनहॉलचा बर्फ त्याला बांधासारखा अडवून धरतो. पाण्याचा दाब वाढला की ते बर्फाखालून वाट काढते आणि सगळा साठा नदीत उतरतो. २०११ पासून हे पूर येऊ लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये नदीकाठची जमीन खचून घर वाहून जाण्यापर्यंत वेळ आली. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी १६ फुटांच्या जवळ पोहोचले आणि सुमारे ३०० घरांचे नुकसान झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये १६.६५ फुटांचा नवा उच्चांक नोंदला गेला. परंतु तोवर नदीकाठी उभारलेल्या तात्पुरत्या भिंतींनी बहुतेक घरे वाचवली. त्या भिंतींच्या खर्चाचा काही वाटा काठावरच्या घरमालकांनी उचलला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक तलाव फुटून तीस्तेच्या खोऱ्यात झालेला विध्वंस भारतीय वाचकाला आठवत असेल. तेथे दगडमातीचा बांध होता, येथे बर्फाचा आहे. धोक्याची जात एकच.

जुनोच्या पाठीमागे हजारांहून अधिक हिमनद्यांचे विस्तीर्ण हिमक्षेत्र आहे. त्याविषयीचे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९४८ ते १९७९ या काळाच्या तुलनेत २०१५ ते २०१९ दरम्यान तेथील हिमनद्यांचे क्षेत्र पाचपट वेगाने घटले, असे त्यात आढळले. बर्फ मागे हटला की दऱ्यांच्या उभ्या भिंतींचा आधारही जातो. १० ऑगस्ट २०२५ रोजी पहाटे जुनोच्या दक्षिणेला असलेल्या ट्रेसी आर्म खाडीत, साउथ सॉयर हिमनदीच्या तोंडाशी, डोंगराचा प्रचंड भाग पाण्यात कोसळला. उसळलेले पाणी समोरच्या उतारावर सुमारे दीड हजार फुटांपर्यंत चढले. ही खाडी क्रूझ जहाजांच्या नेहमीच्या ठिकाणांपैकी एक. वेळ पहाटेची होती, म्हणून प्राणहानी टळली. दुपारची असती तर काय झाले असते, या प्रश्नाकडे कंपन्या आणि प्रशासन यांना दुर्लक्ष करता येणार नाही.

अर्थात हिमनदीचे मागे हटणे सर्वत्र एकाच कारणाने होत नाही, हेही सांगणे आवश्यक आहे. जॉर्ज व्हँकुव्हरची मोहीम १७९४ मध्ये आली तेव्हा आजच्या ग्लेशियर बेच्या मुखाशी बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये जॉन म्युअर पोहोचला तोवर ती साठ-सत्तर किलोमीटर आत सरकली होती. कारखान्यांच्या धुराने पृथ्वी तापण्याच्या आधीची ही माघार आहे. सागराला भिडलेल्या हिमनद्यांचे स्वतःचे चढउतार असतात. तेथील मूळ रहिवासी असलेल्या हुना ट्लिंगिट लोकांना तर त्याआधी पुढे सरकणाऱ्या बर्फामुळे आपली गावे सोडावी लागली होती. परंतु नैसर्गिक चढउतार आहेत म्हणून आजचा वेग नैसर्गिक ठरत नाही. संपूर्ण हिमक्षेत्र एकाच वेळी पातळ होत असेल तर कारण हवामानातच शोधावे लागते.

मर्यादा घालता येते

याच ग्लेशियर बेमध्ये एक धडाही आहे. १९७८ मध्ये तेथून कुबडे देवमासे अचानक निघून गेल्यावर जहाजांच्या वर्दळीविषयी चिंता निर्माण झाली आणि नियंत्रणे आली. आज या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. सीलच्या पिलांसाठी जॉन्स हॉपकिन्स खाडी मे ते ऑगस्ट या काळात क्रूझ जहाजांना बंद असते. उद्यानाचे रक्षक जहाजावर येऊन प्रवाशांना माहिती देतात. १९९६ मध्ये जहाजांची संख्या वाढवण्याचा निर्णय झाला तेव्हा पर्यावरणाचा पुरेसा अभ्यास न केल्याबद्दल २००१ मध्ये न्यायालयाने तो अडवला. एवढे करूनही तेथील पर्यटन बुडाले नाही. उलट ग्लेशियर बेचा परवाना असणे, ही कंपन्यांच्या जाहिरातीतील मोठी गोष्ट ठरली.

नॉर्वेनेही हाच मार्ग धरला. स्वालबार्डच्या संरक्षित भागांत २०२५ पासून दोनशेहून अधिक प्रवासी घेऊन जाणाऱ्या जहाजांना मज्जाव झाला. जागतिक वारसा यादीतील फियोर्डमध्ये शून्य उत्सर्जनाची अट छोट्या जहाजांना २०२६ पासून आणि मोठ्यांना २०३२ पासून लागू करण्याचे ठरले. जुनोची अडचण अशी की, तिच्या हाती फक्त बंदर आहे. हिमनदी संघीय वन खात्याकडे, समुद्रातील प्रदूषण राज्य आणि केंद्राकडे, तर जहाजाची नोंदणी परक्या देशात. प्रत्येकाच्या अधिकाराची हद्द वेगळी. पूर मात्र एकाच शहरात येतो.

बर्फ नाहीसा होण्याआधी पाहून घेऊ, ही भावना जहाजे भरण्यास हातभार लावत आहे. तिला दोष देऊन उपयोग नाही. हिमकडा कोसळताना पाहिलेले मूल तो क्षण विसरत नाही, आणि त्यातून काही शिकलेही तर ते हवेच आहे. परंतु तिकीट काढणाऱ्याने जहाज सांडपाण्याचे काय करते, ग्लेशियर बेचा परवाना त्याच्याकडे आहे का, उतरायचे त्या गावाची मर्यादा ते पाळते का, एवढे विचारायला हरकत नाही. अलास्काच्या राज्यकर्त्यांपुढील प्रश्न याहून अवघड आहे. हिमनदी दाखवून मिळणारा पैसा त्याच हिमनदीच्या पुरापासून घरे वाचवण्यासाठी वापरता येत नसेल, तर कायदा बदलण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. मेंडेनहॉल नदीच्या काठावरील भिंती आज तात्पुरत्या आहेत. पुराचा पुढचा ऑगस्ट मात्र ठरलेल्या वेळी येणारच आहे.