शेवटची कबुली कापू नका

आयुष्यभर खोट्या बातम्या रचणाऱ्या माणसावर आपल्या वार्षिकात लेख कशाला, असा प्रश्न काही वाचक विचारतील. जरूर विचारावा. त्याचे उत्तर देण्यासाठीच हे लिहिते आहे. हा माणूस म्हणजे अमेरिकेतला अ‍ॅलन एबल. १९२४ साली ओहायो राज्यात जन्मलेला, तरुणपणी जाझ वाद्यवृंदात ढोल वाजवणारा, पुढे व्याख्याने देणारा, विनोदी पुस्तके लिहिणारा आणि पत्नी जीन हिच्यासह उपहासाचे चित्रपट काढणारा. पण त्याची खरी ओळख वेगळी होती. लोकांना, त्यातही वर्तमानपत्रांना आणि दूरदर्शन वाहिन्यांना बनवणे हाच त्याचा पेशा होता.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकते. एबलने खोटे सांगितले, पण ते खोटे होते हेही त्याने जगाला सांगितले. कधी पकडला गेल्यावर, कधी आपण होऊन, आणि शेवटी पुस्तकांत, स्वतःच्या नावानिशी. आपल्या मोहल्ल्यांत जे खोटे फिरते त्याला ना कर्ता असतो, ना कबुली. तरीही एबलचे नाव काढले की आपण तोबा तोबा करतो, आणि दुसरे खोटे जुम्म्याच्या नमाजनंतर दारात उभे राहून वाटतो. हा दुटप्पीपणा आता पुरे झाला.

आधी एबलचे काम पाहू. १९५९ साली त्याने एक संस्था काढली. काढली म्हणजे कागदावर काढली. जनावरे उघडीनागडी हिंडतात, त्यामुळे समाजाची नीतिमत्ता बिघडते, म्हणून चार इंचांहून उंच किंवा सहा इंचांहून लांब अशा प्रत्येक जनावराला कपडे घातले पाहिजेत, अशी या संस्थेची मागणी. अध्यक्ष म्हणून जी. क्लिफर्ड प्राउट नावाचे एक गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ मुलाखती देत. घोड्याला चड्डी, गाईला घागरा! ऐकणाऱ्याला हसू यायला हवे होते. पण अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी प्राउटसाहेबांना सन्मानाने बोलावले. १९६२ साली सीबीएस वाहिनीवर वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या बातम्यांतही ते झळकले. तेव्हा वाहिनीच्याच काही कर्मचाऱ्यांनी ओळखले की हा तर बक हेन्री, विनोदी नट आणि लेखक. १९६३ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने सारे बिंग फोडले. मधल्या काळात कॅलिफोर्नियातल्या एका बाईने या थोर कार्यासाठी ४० हजार डॉलर्सचा धनादेश पाठवला होता. एबलने तो न वटवता परत केला.

हा परत केलेला धनादेश लक्षात ठेवा. थट्टा आणि ठगी यांच्यामधली रेघ तिथे आहे.

एबलचे वडील गावात दुकान चालवत. जो माल खपत नसे त्याच्यापुढे ते पाटी लावत : एका गिऱ्हाइकाला दोनच नग मिळतील. मग तोच माल हातोहात संपे. एबल ही आठवण मुलाखतींत सांगत असे. लोक माल पाहत नाहीत, पाटी पाहतात, हे त्याने त्या दुकानात ओळखले. पुढे त्याने फक्त पाट्या बदलल्या. १९६४ साली त्याच्या पत्नीने ब्राँक्समधली यहुदी गृहिणी येटा ब्रॉन्स्टीन बनून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ‘लढवली’. सिनेटर मंडळींच्या पिण्याच्या पाण्यात सत्य बोलायला लावणारे औषध मिसळावे, ही तिच्या जाहीरनाम्यातली एक मागणी. प्रचाराच्या भित्तिपत्रकावर छायाचित्र होते एबलच्या आईचे!

१९८० च्या २ जानेवारीला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एबलचे मृत्युलेखन छापले. बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी गेला असताना हृदयविकाराने वारला म्हणे. शोकाकुल विधवेची भूमिका करणारी बाई आणि अंत्यविधीच्या व्यवस्थापकाच्या नावाने बोलणारा साथीदार, अशी सगळी फौज त्याने उभी केली होती. दुसऱ्याच दिवशी हजरत पत्रकारांसमोर जिवंत हजर! वर्तमानपत्राला दोन दिवसांत माफीवजा खुलासा छापावा लागला. १४ सप्टेंबर २०१८ रोजी तो ९४ व्या वर्षी खरोखर वारला, तेव्हा याच वर्तमानपत्राने खात्री करून घेतल्याचे मथळ्यातच सांगितले. माझ्या मते त्याच्या आयुष्यभराच्या कामाला मिळालेली ही सर्वांत मोठी पावती होय. एका बलाढ्य वर्तमानपत्राला त्याने छापण्याआधी विचारायला शिकवले.

त्याचे चित्रपटही याच जातीचे. १९७१ सालच्या पहिल्या चित्रपटाचे नाव ‘मृत्यूनंतर कामजीवन असते का’ असे. नाव ऐकून कुणी कानांवर हात ठेवील, आणि हा चित्रपट मुलाबाळांत बसून पाहण्यासारखा नाही हे खरेच. पण त्यात थट्टा आहे ती कामशास्त्राच्या नावाने डॉक्टरी झगा चढवून काहीही सांगणाऱ्या तज्ज्ञांची. एबल स्वतः त्यात अशाच एका भंपक संशोधन कचेरीचा डॉक्टर झाला आहे. १९७६ सालच्या दुसऱ्या चित्रपटात निक्सन आणि वॉटरगेट. दोन्हीकडे बांधणी माहितीपटाची, तीच गंभीर निवेदनाची आणि मुलाखतींची. पाहणाऱ्याच्या मनात शंका उभी राहते की खरे माहितीपटही याच मसाल्याने बनत असतील, तर त्यांतले खरे ओळखायचे कसे? १९६६ आणि १९७० सालच्या पुस्तकांत त्याने आपल्या फसवणुकी कशा रचल्या, कोण फसले, कसे फसले, हे उघड लिहिले. जादूगाराने खेळानंतर पेटी उघडून दाखवावी तसे.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप आपल्या धार्मिक मंडळींचा. थट्टेतले खोटेसुद्धा खोटेच, ते गुनाहच. या आक्षेपाचा मी आदर करते. पण त्याला एक अट घालते. तो सगळीकडे सारखा लावा. हसवण्यासाठी बोललेले खोटे वाईट, तर रडवण्यासाठी आणि भडकवण्यासाठी बोललेले खोटे त्याहून वाईट, हे मान्य आहे ना? मग दरवर्षी मार्चच्या शेवटी जे पत्रक येते त्याविषयी बोलू.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. हे पत्रक उर्दूत असते, पूर्वी झेरॉक्स होते, आता मोबाइलवर येते. त्यात लिहिलेले असते की स्पेनमधल्या मुसलमानांना १ एप्रिलला दगा देऊन संपवले गेले, त्या विजयाची थट्टा म्हणून ख्रिस्ती लोक एप्रिल फूल साजरे करतात, म्हणून मुसलमान मुलांनी त्यात भाग घेऊ नये. मुलांनी एकमेकांना बनवू नये असे सांगायचे असेल तर खुशाल सांगा. पण कारण खोटे का द्यायचे? ग्रॅनाडा शहर ख्रिस्ती राजाराणीच्या ताब्यात गेले ते २ जानेवारी १४९२ रोजी. एप्रिलचा त्याच्याशी काही संबंध नाही. खोटेपणापासून दूर राहा असे सांगणारे पत्रकच मुळात खोटे. एबलला यापेक्षा चांगला विनोद सुचला नसता!

एका वर्षी हे पत्रक सूचना फलकावर लावण्यासाठी माझ्या हाती देण्यात आले. मी तारीख दाखवली आणि नकार दिला. त्यावर मिळालेले उत्तर मी विसरलेले नाही. ‘बाजी, तारीख चुकीची असेल, पण जज्बा तर खरा आहे ना?’ या एका वाक्यात आपल्या समाजाचा रोग आहे. भावना खरी असली की पुरावा नको, असे एकदा ठरले की आपल्याला कोणीही बनवू शकतो. आज भल्या हेतूने बनवील, उद्या मतांसाठी, परवा चंद्यासाठी. आणि तो धनादेश परत करणारा नसेल.

यातले खरे नुकसान पाहा. स्पेनच्या मुसलमानांवर अन्याय झालाच नाही असे कोण म्हणते? ग्रॅनाडाच्या तहात दिलेली धर्मस्वातंत्र्याची वचने काही वर्षांतच मोडली गेली. जबरदस्तीने धर्मांतर झाले. १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्को म्हटल्या जाणाऱ्या त्यांच्या वंशजांना, सुमारे तीन लाख माणसांना, देशाबाहेर काढले गेले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली माणसे जहाजांत भरून उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. हा इतिहास कागदोपत्री आहे, सिद्ध आहे. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला १६०९ हे साल सांगता येत नाही, १ एप्रिल मात्र सर्वांना पाठ. खोट्या गोष्टीने खऱ्या दुःखाची जागा बळकावली आहे. उद्या कुणी ती खोटी ठरवली की त्याच्यासोबत खरे दुःखही हसण्यावारी जाईल. मग जबाबदार कोण?

दुसरा आक्षेप आपल्या सुशिक्षित मित्रांचा. उपहास आहे ना, मग त्यात सारे माफ, असे ते म्हणतात. मला हेही मान्य नाही. एबलचेही सारे माफ नाही. १९७५ साली त्याने भिकाऱ्यांची शाळा काढल्याचे जाहीर केले. नाव ‘उमरची भिकाऱ्यांची शाळा’. डोक्यावरून काळा बुरखा ओढून एबल स्वतःच उमर व्हायचा आणि बेकारांना भीक मागण्याची कला शिकवतो असे सांगायचा. बिंग फुटले तरी नवनवे पत्रकार येतच राहिले. १९७७ साली भीक मागण्याची मार्गदर्शिका म्हणून एक विनोदी पुस्तकही या उमरच्या नावाने आले. एबलचा रोख बेकारीवर होता. लोकांना काम नाही याचा राग न येता भिकाऱ्यांच्या शाळेचाच राग येतो, हे त्याला दाखवायचे होते. हेतू चांगला, मान्य. पण ज्या नावाच्या खलिफाच्या, रात्री वेश बदलून गरिबांच्या चुली पेटल्या की नाही हे पाहत फिरण्याच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, ते नाव धंदेवाईक भिकाऱ्याच्या मुखवट्याला देताना त्याला काही खटकले नाही. आणि नावाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक उरतोच. भिकारी हे मुळात लबाडच असतात, हा पोट भरलेल्यांचा जुना संशय आहे. त्या संशयाला उमरने खाऊ घातले. घोड्याच्या चड्डीवर हसताना कुणाचे काही गेले नाही. भिकाऱ्यावर हसताना ज्याचे गेले, तो स्टुडिओत बोलावलेला नव्हता.

हा संशय किती महाग पडतो, ते आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागून जगणारी ही भटकी माणसे. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती, तेवढे पुरले. एबलने आयुष्यभर ज्या भाबडेपणाची थट्टा केली, तो हाच भाबडेपणा. फक्त इथे त्याच्या हातात दगड आणि काठ्या होत्या.

त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत आठवा. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात. ही चित्रफीत मुळात कराचीत बनवलेली, मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करणारी. सगळा अभिनय. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मूल सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी हा शेवट कापला. उरलेला तुकडा खरा म्हणून पाठवला, आणि लोक तो पुढे पाठवत राहिले.

माझा सारा वाद या कापलेल्या शेवटासाठी आहे. शेवट जागेवर असता तर ती चित्रफीत धडा होती. शेवट कापला आणि ती माणसे मारण्याचे साधन झाली. एबलच्या कामाचे मोल ठरवायचे तर याच कसोटीवर ठरवा. त्याने पैसा घेतला का, कबुली दिली का, आणि कुणाच्या जिवावर हसला? घोड्याच्या चड्डीत तो उत्तीर्ण आहे, उमरच्या शाळेत नाही. आणि हीच कसोटी आपल्या हातातल्या मोबाइलला लावा.

शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. बी.एड.च्या वर्गात आपल्याला पाठ टाचण शिकवले, प्रश्नपेढी शिकवली. आलेल्या बातमीला प्रश्न कसा विचारायचा, हे मुलांना कसे शिकवावे, ते शिकवले नाही. ते आता आपले आपण शिकू या. एबलची घोड्याच्या चड्डीची गोष्ट सातवी-आठवीच्या मुलांना सांगून पाहा. ती पोट धरून हसतील. हसू ओसरले की विचारा, ‘एवढे मोठे वाहिनीवाले फसले, ते का?’ मुलेच सांगतील की कुणी चौकशी केली नाही म्हणून. मग हळूच ते एप्रिलचे पत्रक काढा आणि विचारा, हे कुणी लिहिले? नाव आहे का? साल कोणते? खोटे निघाले तर कुणाचे नुकसान?

मशिदींच्या विश्वस्तांनाही सांगणे आहे. दारात वाटल्या जाणाऱ्या कागदावर लिहिणाऱ्याचे नाव आणि पत्ता नसेल तर तो वाटू देऊ नका. आपल्याविषयी खोट्या बातम्या पसरवल्या जातात ही आपली तक्रार रास्त आहे. पण ती तक्रार करणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात निनावी पत्रक असता कामा नये. येत्या मार्च अखेरीस ते पत्रक पुन्हा येईल. तेव्हा निदान आपल्या शाळांच्या फळ्यावर दोन ओळी लिहिलेल्या असोत : ग्रॅनाडा, २ जानेवारी १४९२. मोरिस्कोंची हकालपट्टी, १६०९ ते १६१४.